दुसऱ्याच्या हाताला न चालणारी गाडी

१

पुनमचंद राठोडने पोलिसांना काही तकलीफच दिली नाही. फौजदार मोहनसिंग ठाकूर ठाण्याच्या जीपमधून पुरता उतरलाही नव्हता, एक पाय खाली आणि एक पाय वर, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, मीच मारलं पोराला."

पळसतांड्याहून गोरेगावला येणारा रस्ता एका ठिकाणी ओढ्याकडे उतरतो. त्या उतारावर, रस्त्याच्या कडेला, सुदाम पडला होता. वय ऐन पंचविशीतलं. अंगावर धुळवडीच्या रंगाचे डाग अजून न गेलेला शर्ट. त्याच्या पुढे, शेताच्या बांधात नाक खुपसून निळी नवी जीप उभी होती. बोनेटवरचा झेंडूचा हार पार वाळला होता, पण पुनमचंदने तो काढला नव्हता. नवी गाडी म्हणजे त्याच्या लेखी नवी सून. किंबहुना सुनेपेक्षा काकणभर जास्तच, कारण सुनेला घरात चपला घालून फिरायची मुभा होती आणि या जीपमध्ये चालवणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, असा त्याचा दंडक होता.

"कसं मारलं?" मोहनसिंगने विचारलं.

"गाडी घातली अंगावर."

"चुकून का जाणूनबुजून?"

पुनमचंदने विचार केल्यासारखं केलं. पोराचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो त्याच्या केसांतली माती बोटांनी काढत होता. "तुमाला काय लिवायचं ते लिवा," तो म्हणाला.

मोहनसिंगला काही वाटलं नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे. औत हाकून हाताला घट्टे पडतात तसे वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या मनाला पडले होते. चहात साखर आहे की नाही हेसुद्धा बायकोने विचारल्यावर त्याच्या ध्यानात यायचं. मेलेल्या पोराकडे बघून आपल्याला काही होत नाही, याचंही त्याला काही वाटलं नाही.

बरोबरचा शिपाई संतराम मात्र खुशीत होता. "साहेब, दळण आपसूक दळलं गेलं. कबुली हाय, गाडी हाय. बापलेकाचं धुळवडीला भांडण झालेलं अख्ख्या तांड्यानं पाहिलं. ह्याच जीपवरून. 'गाडीला हात लावलास तर हात तोडीन' म्हणला होता बाप."

"व्हय," पुनमचंद म्हणाला. "म्हणलो होतो."

संतरामचं खरं होतं. कागद करायचे, सह्या घ्यायच्या आणि मोकळं व्हायचं. मोहनसिंग निळ्या जीपचं दार उघडून आत बसायला गेला, आणि त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगला थडकले. सीट पार पुढे ओढलेली होती. गिअरच्या दांड्याला त्याने हात लावला, तो ढिला हलला. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

तो अवघडून बसल्या बसल्या बाहेर पुनमचंदकडे बघत राहिला. पुनमचंद त्याच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच होता.

२

उताराच्या खालच्या अंगाला गोजरबाईचं शेत. कुणब्याची विधवा बाई, गुडघ्यांनी दगा दिलेला, जीभ मात्र अजून शाबूत. हरभऱ्याच्या गंजीआड बसून ती घाटे सोलत होती. तिने काही पाहिलं नव्हतं, पण ऐकलं सगळं होतं, आणि ऐकलेलं सांगायला ती केव्हाची टपून बसली होती.

"जीप वरून येऊन राहिली होती. गान्याचा आवाज, इंजिनाचा आवाज. सुदामभाऊची बी हाक ऐकू आली, कायतरी बोलून राहिला होता. त्यायची भाषा मले काय कळते! पन हसलं लेकरू. चांगलं खळखळून हसलं."

"मग?"

"मंग इंजिन बंद पडलं. कसं गप झालं येकदम! मले वाटलं, उतरले असतील. गानं तेवढं चालू होतं. इंजिन गप झालं म्हून चांगलं ऐकू येऊन राहिलं. सेवालाल महाराजाचं भजन होतं. म्या आपलं घाटे सोलत ऐकून राहिले."

"मग?"

गोजरबाईने हातातला घाटा टोपलीत टाकला. "मंग पोरगं ओरडलं. मंग इंजिन लागलं. आन् मंग कायच न्हाई. भजन चालूच."

संतराम वहीत खाली मान घालून लिहीत होता आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता, "इंजिन बंद करून, पुन्हा चालू करून, मयताच्या अंगावर..." त्याने मान वर केली. "साहेब, हे तर उघड उघड झालं. गाडी थांबवली, पोरगं उतरलं, पुन्हा स्टार्टर मारून त्याच्या अंगावर घातली. चुकीनं न्हाई झालं हे."

"तुमी बांधावर गेल्या तेव्हा कोण होतं?" मोहनसिंगने गोजरबाईला विचारलं.

"मले काय जोरात चालता येते का बाबा! उठता उठता गुडघा धरला. गेले तवा पुनमचंद होता, पोराला धरून बसलेला. घामानं न्हालेला, धापा टाकून राहिला होता. भजन तसंच वाजून राहिलं होतं. म्या म्हणलं, अरे बंद कर ते आधी. तवा उठला, हात घालून चावी फिरवली. मंग बंद झालं गानं."

"इंजिन?"

"इंजिन कवाचं गप होतं. म्या बांधावर चढायच्या आधीच."

मोहनसिंगने मान हलवली. गाडी चालवणाऱ्या माणसाला धाप कशाने लागते, हा प्रश्न त्याला पडला. पण बाईला विचारण्यासारखा तो नव्हता.

"बाप असं करते का साहेब?" गोजरबाईने विचारलं.

"करतो कधी कधी," मोहनसिंग म्हणाला. त्याने तसे बाप पाहिलेही होते.

३

तांड्यावर बातमी पोचली होती. मिराबाई, म्हणजे पुनमचंदची बायको, दारात बसली होती. शेजारणी भोवती जमून रडत होत्या आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. सून दिपा तिच्यासमोर पाय पसरून बसलेली. मिराबाई सुनेचा तळवा मांडीवर घेऊन सुईने काटे काढत होती. एक काढायची, बाजूला ठेवायची, दुसरा शोधायची. पोरगा मेल्याचा निरोप आलेली बाई काटे काढत बसते, याला काही अर्थ नव्हता. पण हाताला काहीतरी काम हवं असतं, हे मोहनसिंगला कळलं. दिपाच्या मांडीवर वर्षाची पोरगी झोपली होती.

"तुमचा नवरा म्हणतो, त्यानं मारलं," मोहनसिंग म्हणाला.

"मारलं असंल," मिराबाई म्हणाली. वर बघितलं नाही. "त्याला पोरापेक्षा गाडी प्यारी. पोराला जुनं खटारं दिलं, ब्रेक न्हाई, हँडब्रेक न्हाई. थांबायचं तर खाली उतरून चाकाला दगड लावायचा, तवा गाडी थांबायची. नव्या गाडीला हात लावू देत नव्हता. म्हणं, ही गाडी दुसऱ्याच्या हाताला चालत न्हाई."

"तुम्ही कुठं होत्या?"

"मी हरभरा काढायला. ही घरी. म्हातारा जेवून झोपला होता." तिने आणखी एक काटा काढला. "एका दिवसात दोघं गेले माझे. एक मसणात, एक तुमच्या ठाण्यात. आता हे दोन राहिले," तिने सुनेकडे आणि नातीकडे मान वळवली. "ह्यांच्यातलं कोणी मी आता देणार न्हाई. यमाला न्हाई, तुमालाबी न्हाई."

दिपाने एकदाही तोंड उघडलं नाही. मोहनसिंगने तिला दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींना मान हलवली, आणि मान हो म्हणाली की नाही हे त्याला कळलं नाही.

उतारावरची निळी जीप ठाण्यात न्यायची होती. संतरामने बूट न काढताच आत पाय ठेवला, सीट मागे सरकवली आणि चावी लावली. पुनमचंदला मध्ये बसवलं, मोहनसिंग दाराकडे बसला. इंजिन लागलं. आणि पुनमचंदचा हात आपोआप पुढे गेला. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं बटण होतं, ते त्याने दाबलं. समोर एक पिवळा दिवा लागला. हात परत मांडीवर येऊन पडला.

"काय केलं रे?"

पुनमचंदने आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहिलं. "काय न्हाई साहेब. सवय."

४

दुसऱ्या दिवशी जीप तपासणीसाठी हिंगोलीला न्यायची होती. वाटेत गोरेगावात मुन्नाला भेटून पुढे जायचं ठरलं. मुन्ना म्हणजे गोरेगाव-सेनगाव लाईनवरचा दुसरा जीपवाला. अंगाने ठेंगणा, आवाजाने मोठा. सीटं भरण्यावरून त्याचं आणि सुदामचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं. ठेंगण्या माणसाला सीट पुढे ओढावी लागते, एवढंच मोहनसिंगच्या डोक्यात होतं.

संतरामने चावी मारली आणि गाडी निघाली. या वेळी शेजारी पुनमचंद नव्हता.

गोरेगावचा बाजार भरला होता. मिरचीवाल्यांनी रस्ता अडवलेला, त्यात एक म्हैस आडवी. संतरामने गाडी न्यूट्रलला टाकली, क्लच सोडला, हॉर्न वाजवला. दोन श्वास घेतले असतील नसतील, इंजिन गप झालं.

"आयला! मेली!"

"चावी फिरवली का तू?"

"न्हाई साहेब, हात बी लावला न्हाई!" संतरामने घाबरून पाय मारला, क्लच दाबला गेला, आणि इंजिन आपणहून लागलं. संतरामचा चेहरा उतरला. त्याने क्लच सोडला. पुन्हा दोन श्वास. पुन्हा गप. इतका वेळ चाललेला टेप मात्र चालूच होता आणि आता मिरचीवाल्यांनाही ऐकू जात होता.

भोवती पोरं जमली. मुन्ना स्वतःच गर्दीतून पुढे आला. चेहरा सुतकी करायचा की हसायचं, हे त्याचं ठरत नव्हतं.

"सांगतो साहेब, ह्या गाडीवर बसू नका. अख्ख्या लाईनीला माहीत हाय, पुनमचंदशिवाय कोणालाच चालत न्हाई ती. संक्रांतीला सुदाम बसला होता म्हाताऱ्याच्या नजरेसमोर. जागच्या जागी बंद पडली. म्हातारा असा हसला! म्हणला, बघ, माझा हात ओळखती ती. सुदामचं तोंड एवढंसं झालं."

"काल दुपारी तू कुठं होतास?"

"नरसीला. नामदेव महाराजाच्या दर्शनाची सवारी होती. चौदा बायका होत्या गाडीत, विचारा कोणालाबी. रस्ताभर माझं डोकं खाल्लं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "आमचं भांडण होतं साहेब. पण सुदाम चांगला होता. खोटं कशाला बोलू."

ते मोहनसिंगला नाहीतरी माहीत होतं. गोजरबाईने ऐकलेला सुदाम आपल्या गोरमाटीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, बोलत होता आणि खळखळून हसत होता. मुन्नाशी तो गोरमाटीत कशाला बोलेल? आणि हात तोडीन म्हणणाऱ्या बापाबरोबर कशाला हसेल?

मोहनसिंगने संतरामला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवायला बसला. बाजाराबाहेर मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी थांबवली. क्लच सोडला, इंजिन गेलं. क्लच दाबला, आलं. मग त्याने ते बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. क्लच सोडून तो वाट बघत बसला. इंजिन आपलं धडधडत राहिलं, बंद पडायचं नाव नाही. त्याने चावी फिरवून गाडी बंद केली आणि पुन्हा चालू केली. पिवळा दिवा नव्हता. इंजिन पुन्हा आपोआप गप झालं.

"डिझेल वाचवायला केलं असंल कंपनीनं," संतराम म्हणाला. मग त्यालाही काहीतरी सुचलं. "म्हंजी चावी मारली की हरेक बारी बटण दाबावं लागतं. न्हाईतर बंद पडती."

"आणि पुनमचंद हरेक बारी दाबतो. काल हातात जीव नव्हता, तरी हात गेला."

पुढे एक बारका उतार होता. मोहनसिंगने तिथे इंजिन आपोआप बंद होऊ दिलं आणि ब्रेक धरला. धरला, सोडला, पुन्हा धरला, जसा नवशिका माणूस भीतीने धरसोड करतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पायाखाली ब्रेक लाकडासारखा कडक झाला. पाय रेटूनही गाडी हळूच पुढे सरकू लागली. त्याने कचकन हँडब्रेक ओढला.

मोहनसिंग स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. सगळं जुळलं होतं. एखादं अवघड कुलूप उघडलं की पूर्वी त्याला आनंद व्हायचा. आज झाला नाही. पुढे कोणाच्या दारात जायचंय, हे त्याला आता कळलं होतं.

"हिंगोली ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पुनमचंदला घे आन् तांड्यावर चल."

५

तांड्यावर दारात तेच चित्र होतं, फक्त शेजारणी पांगल्या होत्या. मिराबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. पुनमचंद अंगणाच्या कडेला उकिडवा बसला.

मोहनसिंग बाजेवर टेकला. "पुनमचंद, काल गाडी तू चालवत नव्हतास."

"मीच होतो."

"तुझे पाय मावले नसते. सीट पार पुढं होती."

"मी... पुढंच घेतो."

"बरं. पण तू चावी मारली की बटण दाबतोस. बटण दाबलं की ही गाडी आपोआप बंद पडत न्हाई. काल ती उतारावर आपोआप बंद पडली. गोजरबाईनं ऐकलं. इंजिन गप झालं आणि भजन चालू राहिलं. चावीनं बंद केली असती तर भजनबी बंद झालं असतं, तू नंतर चावी फिरवली तेव्हा झालं तसं. म्हणजे चावी चालूच होती आणि बटण दाबलेलं नव्हतं. चालवणाऱ्याला बटण ठाऊकच नव्हतं."



"आणि तुला धाप लागली होती. गाडीत बसलेल्या माणसाला धाप लागत न्हाई. जाग आल्यावर गाडी दिसली न्हाई म्हणून तू तांड्यावरून पळत गेलास. पोचलास तवा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"मंग कोण होतं?" मिराबाईने विचारलं. पहिल्यांदाच तिने मान वर केली होती.

मोहनसिंग सरळ उत्तराकडे गेला नाही. जाववलं नाही. "सुदामला वाटलं, गाडी रुसली. दुसऱ्याच्या हाताला चालत न्हाई, हेच त्याला ठाऊक. म्हणून तो हसला. त्याच्या खटाऱ्याची सवय काय, तर गाडी बंद पडली की उतरायचं आणि चाकाला दगड लावायचा. इंजिन गप म्हणजे गाडी मेली, तिला भ्यायचं कारण न्हाई. तो दगड घेऊन चाकापुढं वाकला. भांडणातल्या माणसानं ब्रेक धरला असता तर असा वाकला असता का? ब्रेकवरचा पाय त्याच्या भरवशाचा होता. पण इंजिन बंद असलं की ह्या गाडीचा ब्रेक कडक होतो. गाडी सरकली. तो ओरडला. आणि मग चालवणाऱ्यानं घाबरून दोन्ही पाय दाबले. एक क्लचवर पडला. इंजिन आपोआप लागलं, पाय सुटला तसं पुन्हा गप झालं. आधी ओरडला, मग इंजिन लागलं. गोजरबाईनं बराबर सांगितलं होतं, आमीच उलटं लिहिलं. अंगावर घालायला कोणी इंजिन लावलं असतं तर आधी इंजिन ऐकू आलं असतं आणि मग ओरडणं. गाडी न्यूट्रलमध्येच होती. कोणी घातली न्हाई. ती गेली."

मिराबाईचं लक्ष हळूहळू सुनेच्या पायांकडे गेलं. चालवणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या, हा दंडक तिच्या घरचाच होता. काल संध्याकाळी आपण काढले ते काटे घरात बसलेल्या बाईच्या पायात कुठून आले, हे तिने कालच विचारायला हवं होतं. काल तिला काही सुचत नव्हतं.

"दिपा?" ती म्हणाली.

दिपाने मांडीवरची पोरगी उचलून सासूच्या मांडीवर दिली. जणू तेवढंच राहिलं होतं. "हे मला गाडी शिकवून राहिले होते," ती म्हणाली. "म्हणले, बापूनं गाडी दिली न्हाई तर न दिली, आपण दोघं मिळून जुनी चालवू. तू लेडीज सवारी घे. नव्या गाडीवर हात बसंल म्हणून मामंजी झोपल्यावर काढली. मामंजी पळत आले. म्हणले, ओढ्याच्या अंगानं घरी जा, तोंड उघडू नको, लेकरू लहान हाय. चपला काढून मागच्या सीटखाली ठेवलेल्या, त्या तिथंच ऱ्हायल्या."

"त्या मी ओढ्यात फेकल्या," पुनमचंद म्हणाला.

दिपा मोहनसिंगकडे वळली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. "मी ब्रेक सोडला न्हाई साहेब. का सोडला? मला आठवत न्हाई. मी कालपासून तेच आठवून राहिले."

"न्हाई सोडला," मोहनसिंग म्हणाला. "मी स्वतः बसून बघितलं. माझ्याबी पायाला ती थांबली न्हाई."

तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं आणि रात्रभर कुठे अडकलेलं रडू बाहेर आलं. मिराबाईने तिला जवळ घेतलं नाही, पण दूरही सारलं नाही. पोरगी जागी होऊन या दोघींकडे बघत होती.

६

मोहनसिंगने सगळं समजावून सांगितलं. गुन्हा लागेल, पण खुनाचा नाही, हयगयीचा लागेल. लायसन नव्हतं, त्याचंही काही होईल. जामीन मिळेल. लेकरू आईजवळच राहील. आज जबाबाला तेवढं यावं लागेल. मिराबाईने एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली आणि मग उठून लुगडं सारखं केलं.

"मीबी येते हिच्यासंग. हिला एकटीला न्यायची न्हाई."

"चला."

"आन् मी?" पुनमचंदने विचारलं.

सगळे जण त्याला विसरलेच होते. तो उठून उभा राहिला होता. एवढा उंच माणूस, पण उभा राहिल्यावरही बसल्यासारखा दिसत होता.

"तू सुटलास," मोहनसिंग म्हणाला. "खोटं सांगितलं, चपला फेकल्या, त्याचं मी बघतो. घरी थांब."

"साहेब, बटणाचं मला शोरूमच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. डिलिवरीच्याच दिवशी. हे दाबत जा म्हणला, उतारावर बिनघोर राहता." पुनमचंद सावकाश बोलत होता, एक एक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा. "मी कोणाला सांगितलं न्हाई. सुदामला वाटलं, गाडी मलाच मानती. मीबी तसंच वाटू दिलं. पोरगं मागून येऊन राहिलं होतं साहेब, माझ्यापेक्षा चांगला डायवर झालं असतं. मला वाटलं, एवढं एक तरी माझ्यापाशी राहू द्यावं. एक बटण. बोट लावून दाखवायला काय लागत होतं?"

मिराबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"मलाबी न्या साहेब," पुनमचंद म्हणाला. "काय लागंल ते लावा. मी सही करतो."

नोकरीत मोहनसिंगने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. पाया पडून सोडा म्हणणारी, नोटा पुढे करून सोडा म्हणणारी, वकील उभा करून सोडा म्हणणारी. मला न्या म्हणून हात पुढे करणारा पहिलाच. "ह्याला कलम न्हाई पुनमचंद," तो म्हणाला. "असतं तर मी लावलं असतं."

पुनमचंदने बायकोकडे पाहिलं. तिने शिवी दिली असती, दगड उचलला असता, तरी त्याला बरं वाटलं असतं. मिराबाई त्याच्या शेजारून चालत गेली, सुनेला हात देऊन जीपमध्ये चढवलं, स्वतः चढली.

"चूल विझवून टाका," ती आतून म्हणाली. "आमी येऊ तवा येऊ."

संतरामने गाडी काढली. मोहनसिंगच्या छातीत काहीतरी दुखलं आणि बऱ्याच वर्षांनी त्याला कळलं की आपल्याला वाईट वाटतंय. त्याने मागे वळून पाहिलं. पुनमचंद दोन्ही हात पुढे धरून अंगणात तसाच उभा होता, आणि त्याला न्यायला आता कोणी येणार नव्हतं.